नातीची अंघोळ आणि रात्रीची गोळी

१ फेब्रु., रवि.
पाठ गेली. गाद्या उन्हात घालायला गच्चीवर नेल्या, उतरताना कमरेत अशी कळ आली की जिन्यातच बसले. ह्यांनी हात धरून घरात आणलं. परवा लेक मृणाल येतेय बंगळुरूहून, दोन महिन्यांच्या ईराला घेऊन, आणि पाठीची वाट आत्ताच लागायची होती! तिकडे रोज विहीणबाईंनी अंघोळ घातली. आता बारा दिवस माझे. पाट घासून ठेवलाय, खोबरेल आणलंय. पाय पसरायचे, पायांवर ती, वरून ऊन ऊन पाणी. दोन महिने दुसरं काही डोळ्यांसमोर नाही.

२ फेब्रु., सोम.
डॉक्टरांकडे. स्नायू आखडलेत म्हणे. शेक, थोडं चालणं, आणि स्नायू सैल करणारी गोळी. रात्री जेवल्यावर एकच, तीही थोडेच दिवस. बीपीची गोळी दाखवली, चालेल म्हणाले, फक्त उठताना सावकाश.
"सकाळीही गुंगी राहील. तोवर स्कूटर नाही, गॅसजवळ जपून. सर्दीची, झोपेची, कुठलीही दुसरी गोळी घ्यायची तर आधी मला फोन."
नातीला अंघोळ घालायचीय म्हटलं. हसले. "गुंगीत बाळ हातात घ्यायचं नाही, काकू." डॉक्टरांचं काय जातंय हसायला.

३ फेब्रु., मंगळ.
आली! नाक माझ्यावर. मृ. म्हणते जावयांवर. म्हणू दे. पलंगावर शेजारी ठेवली तिला. बोट सोडेना माझं.

५ फेब्रु., गुरु.
मालिशवाली सुनंदाबाई लावलीय. ती माझ्या पाटावर, ईरा तिच्या पायांवर, आणि मी न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून. हात चांगला आहे बाईचा, खोटं कशाला बोलू. पण शेवटचा तांब्या ओतताना 'शंभर वर्षांची हो' म्हणाली. तेवढं तरी माझ्यासाठी ठेवायचं.

७ फेब्रु., शनि.
दुपारी नाक गळत होतं, डब्यातली नेहमीची सर्दीची गोळी घेतली. एवढ्यातेवढ्याला डॉ.ना काय फोन करायचा, असं वाटलं. मग ईराला मांडीवर घेऊन बसले. नंतरचं काही आठवत नाही, एकदम मृ.चा आवाज.
"आई! अगं पडली असती ना ती!"
बसल्या बसल्या झोपले होते मी. ईरा गुडघ्यापर्यंत घसरलेली. मृ.ने उचललं तिला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
ह्यांनी डॉ.ना फोन लावला. आज रात्रीची गोळी द्यायची नाही, बायकोवर लक्ष ठेवा, उठवून उठली नाही किंवा श्वास नीट वाटला नाही तर सरळ हॉस्पिटलला न्या.
पडली असती तर

८ फेब्रु., रवि.
मृ. बोलली एकदाची. "तुला द्यायची नाही असं नाही गं. गोळीच्या अंमलात नाही, बस."
मग गोळीच बंद करते म्हटलं. त्यावर ह्यांच्यातलं मालवण जागं झालं, "गप रव गो. पाठ बरी होवंदे आदी." डॉ. म्हणाले, आज रात्रीपासून पुन्हा एक, सर्दीची अजिबात नाही. दोन घेतल्या तर लवकर बरी होईन का, तेही विचारून घेतलं. नाही.

११ फेब्रु., बुध.
कळ खूप कमी. आता रोज गोळी नको, फारच आखडलं तर रात्री एक, असं डॉ. कालच म्हणाले. उरल्या तर बिल्डिंगमध्ये वाटू नका, हेही. ओळखतात आम्हाला.
काल रात्री घेतली नव्हती, त्यामुळे सकाळी डोकं स्वच्छ. अंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळलेली ईरा मृ.ने माझ्याकडे दिली. काय तो वास! पाय पसरून बसून बघितलं, जमतंय. मृ. म्हणाली, "रविवारी निघायच्या आधी तू घाल."

१५ फेब्रु., रवि., संध्या.
गेल्या दोघी.
काल मृ.ची बॅग पलंगाखालून ओढली. कोणी सांगितलं होतं मला! रात्री कूस बदलता येईना, शेवटी गोळी घेतली.
सकाळी पाणी तापलं, पाट मांडला. सुनंदाबाईंना मुद्दाम सुट्टी दिली होती. मृ. ईराला घेऊन आली, "बस आई, मी बाजूने धरते."
पाठीने साथ दिली असती आज. शेकून सैल झाली होती. पण डोळे जड. दोनदा थंड पाणी मारलं तरी जडच.
म्हटलं, "नको. तूच बस."
"दुखतंय का?"
"नाही गं. गोळी आहे अजून अंगात."
तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतः पाय पसरून बसली. पहिल्यांदाच घालत होती, पाणी सगळं स्वतःच्याच अंगावर. मी खुर्चीवरून सांगत होते, मान धर, आता पालथी कर. ईरा रडली नाही. मी न्हाणीतून बाहेर आल्यावर रडले.
गणपतीला येणार आहेत. तोवर ती रांगत असेल. रांगणारं पोर कसलं पायांवर पडून राहतंय.
दारातून मृ. म्हणाली, "सुट्टी मिळाली तर मेमध्ये येते." मिळाली तर. मेमध्ये ती पाच महिन्यांची. पाच महिन्यांचं बाळ मावतं पायांवर. थोडं लांब होतं, पण मावतं.