काही हरकत नाही

प्रिय दादा,

समोर बसून बोलायला घेतलं की तुला नेमका कुठलातरी पंखा दुरुस्त करायचा असतो, म्हणून लिहितेय. सकाळपासून बूड एका जागी टेकलेलं नाही. कपाट आवरायला काढलं ते तसंच पसरलंय, भाजी चिरून ठेवली आणि फोडणीचं विसरून कोपऱ्यापर्यंत चालून आले. तुझे मेव्हणे म्हणतात, निवडणुकीतसुद्धा तू इतक्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्यास. लेकीच्या परीक्षेची काळजी असेल असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

उद्या नगरपालिकेच्या सभेत तुझ्या गल्लीचं ठरणार. तुम्हा वर्कशॉपवाल्यांची सगळी जागा व्यापारी करून तिथे बिझनेस पार्क आणायचा, असा ठराव आहे. पार्क आला तर शहराची घरपट्टी वाढवावी लागणार नाही. नाही आला तर वाढेल, आणि माझ्या वॉर्डातल्या पेन्शनवर भागवणाऱ्या म्हाताऱ्यांनी आतापासूनच दारात ठाण मांडलंय. त्यांचं तरी काय चुकतं? पण जागा व्यापारी झाली की तुम्हालाही पट्टी व्यापारी दराने लागणार, आणि लेथवर नटबोल्ट काढून ती कुणाला झेपणार आहे? निम्मे नगरसेवक इकडे, निम्मे तिकडे. माझा हात ज्या बाजूला जाईल तिकडे निकाल. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, तिथे उभी आहे.

त्यात तू. ठरावावरच्या हरकतींच्या सुनावणीला तुला दुपारभर बाकावर बसवून ठेवलं, आणि साहेब म्हणाले, माफ करा, फार थांबावं लागलं. तू सवयीने म्हणालास, 'काही हरकत नाही.' समोरच्या कारकुनाने मान वर न करता तेच तुझं म्हणणं म्हणून उतरवून घेतलं. गल्लीत सगळ्यांत जुना तू. तुझीच हरकत नाही म्हटल्यावर मोटार वाइंडिंगवाले काकाही गप्प, वेल्डरही गप्प. नगराध्यक्ष मला हसून म्हणतात, तुमच्या माहेरची हरकत नाही, मग तुम्हाला कसली चिंता? हे तुला सांगायला मी वर्कशॉपात आले, तर तू खो खो हसलास आणि म्हणालास, 'लिहिलं तर लिहिलं. काही हरकत नाही.'

दादा, तुझं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. खिडकीजवळची खाट मला हवी होती तेव्हा ऐकलं. बाबांचा हात मशीनमध्ये गेला आणि कॉलेज सोडून तू लेथवर उभा राहिलास, म्हणजे माझं शिक्षण चालू राहील, तेव्हाही ऐकलं. खरंच हरकत नसते तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणतोस. आत कुठेतरी लागलेलं असलं, की स्वच्छ हातसुद्धा फडक्याला पुसत बसतोस. त्या दिवशी मशीन बंद होतं, हात कोरडे होते, आणि मी पायरी उतरेपर्यंत तू ते पुसत होतास. वहिनीलाही हे माहीत आहे. ती हल्ली माझ्याशी हवापाण्याचंच बोलते.

सभा सुरू होईपर्यंत म्हणणं बदलता येतं, मी विचारून घेतलंय. उद्या ये आणि सगळ्यांसमोर सांग, हरकत आहे. तुला वाचवायला बोलावत नाहीये. कदाचित मी तरीही पार्कच्याच बाजूने हात वर करीन, ते म्हातारेही माझेच आहेत. मग तू माझ्यावर चीड, वहिनीने वर्षभर अबोला धरला तरी सोसेन. तुझ्या हरकतीविरुद्ध मत द्यायला मी कचरणार नाही. पण आजवर जे जे मिळालं ते तुझ्या 'काही हरकत नाही'वर मिळालं, आणि आता तुझं वर्कशॉपही त्याच शब्दांवर घ्यायला माझा हात उठणार नाही. एकदा तरी मला नाही म्हण, दादा.

तुझीच,
भुणभुण