मापाचा दिवस

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, धंदा शिवणकाम, गेली एकोणपन्नास वर्षे याच दोन खोल्यांत राहणारी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. त्यांनी विचारले, आज वार कोणता? मी म्हटले, मंगळवार, आणि तुमच्या शर्टाची कॉलर कोणीतरी उलटवून शिवलीय, तीही वाकडी. त्यांनी मुकाट्याने सही केली. हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणण्याचा प्रयत्न आमच्या ह्यांनी पंचेचाळीस वर्षे केला, आणि चार वर्षांपूर्वी ते दमून गेले.

कलम १. तीन वर्षांपूर्वी रागाच्या भरात मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात थोरल्या मुलाला त्याच्या वडिलांची छत्री द्यावी आणि दुसरे काडीचेही देऊ नये, असे लिहिले होते. ते मृत्युपत्र आजपासून रद्द. छत्री मात्र त्याने घ्यावीच, चांगली आहे.

कलम २. हे घर थोरला, धाकटा आणि लेक या तिघांना सारख्या हिश्शाने द्यावे. बँकेत जे काही असेल तेही तसेच. कोणी कोणापेक्षा जास्त केले, कोणी कमी, याचा हिशेब काढत बसू नये. तो मी सहा वर्षे काढला आणि तो चुकला.

इथे मी आधी एक अट घातली होती. वर्षाचे शेवटचे चार दिवस तिघांनी आपापल्या बिऱ्हाडासकट या घरात एकत्र काढावेत, त्याशिवाय घर विकता येणार नाही, अशी. वकील तरुण आहेत, त्यांचे शाळेचे सगळे गणवेश मीच शिवले. ते म्हणाले, "काकू, अट घालता येईल. माणसं येतीलही. पण ती अटीसाठी येतील, तुमच्यासाठी नाही." लहानपणी हा मुलगा माप देताना दोन मिनिटे सरळ उभा राहत नसे. मी अट खोडली.

कलम ३. पायमशीन लेकीला. तिला साधा टाका घालता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण लहानपणी ती माझ्या पायाशी बसून जेवायची आणि मशीन थांबले की रडायची. ह्यांची मोठी कात्री धाकट्याला. हे गणवेशाच्या कारखान्यात कटर होते आणि या एका कात्रीवर त्यांनी तीन मुले वाढवली. त्या कात्रीने कागद कापायचा नाही. पुठ्ठा तर नाहीच नाही.

ओव्हरलॉकचे मशीन काजवालीला. ती बावीस वर्षे माझ्याकडे काज-बटणाचे काम करते आहे, आणि बावीस वर्षांत एक काजही तिरपे नाही. खरे तर ती साक्षीदार व्हायची, पण ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीला राहू नये, असे वकील म्हणाले. मी तिला विचारले, मशीन हवे की सही? ती म्हणाली, "बाई, सही करून माझं काय पोट भरणारंय?"

कलम ४. कपाटात खालच्या फळीवर गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे आहेत. त्यातला करडा कोट जावयांना होईल. बाह्या अर्धा इंच लांब आहेत, लेकीने त्या आत दुमडू नयेत, काजवालीकडून करून घ्याव्यात. माझ्या धाकट्या बहिणीला माझी निळी शाल, जी तिने चोवीस वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेली. आता ती कायद्याने तिची झाली. तिने हे कलम वाचून फोन करू नये, मी नसेन.

कलम ५. मापवही थोरल्या सुनेला. हे वाचून घरात भुवया उंचावतील, म्हणून सगळे नीट लिहिते.

दरवर्षी वर्षाच्या शेवटच्या चार दिवसांत सगळी मुले इथे जमत. दोन खोल्यांत तेरा माणसे. गाद्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि पाणी प्यायला उठायचे तर कोणाच्या तरी पोटावर पाय पडल्याशिवाय जाता यायचे नाही. गरम पाण्यावरून भांडणे. ह्यांचे पत्त्यांतले लबाडीचे डाव, आणि पकडले गेले की "चष्मा बदलायला झालाय" ही ठरलेली सबब. धाकटा गादीवर लोळून घराण्यातल्या प्रत्येकाच्या चालीची नक्कल करायचा, आणि माझी नक्कल आली की मी सोडून सगळ्यांची हसून हसून पुरेवाट. चहाचे पातेले दिवसभर चुलीवरून उतरायचे नाही. मी ओरडायचे, पसारा केलात, जीव नकोसा केलात, कधी एकदा जाताय. खोटे बोलायचे मी. ते गेले की दोन दिवस गाद्या उचलायचे नाही.

आणि शेवटच्या दिवशी सकाळी मापाचा दिवस. वयाच्या उतरत्या क्रमाने सगळ्यांनी खोलीच्या मधोमध यायचे. मी टेप लावून आकडा मोठ्याने सांगायचा, ह्यांनी तो वहीत लिहायचा, बाकीच्यांनी टोमणे मारायचे. "दादा, पोट आत घे!" "आत घेतलंय, ही उरलेली शिल्लक!" मग नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात मी सगळ्यांचे कपडे शिवून पार्सलने पाठवायचे. मापवहीत आमची पंचवीस वर्षे आहेत. कोण केव्हा सुकले, कोण केव्हा सुखात होते, कोणाची उंची कोणत्या वर्षी एकदम चार इंच वाढली, सगळे त्यात आहे.

गेली सहा वर्षे थोरला आणि थोरली येत नाहीत. पहिल्या वर्षी धाकटा म्हणाला, दादा नाही तर मजा नाही. दुसऱ्या वर्षी तोही आला नाही. लेक दोन वर्षे आली, मग जावयांची बदली झाली. दरवर्षी मी वहीत सगळ्यांच्या ओळी आखते, नावे लिहिते आणि पुढचे रकाने कोरे ठेवते. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी मी माझेच माप घ्यायला उभी राहिले. छाती घेतली, कंबर घेतली. पाठीचे माप एकटीला घेता येत नाही.

कलम ६. दोष कोणाचा, हे या कलमात नोंदवते.

सगळे एकत्र असतानाचा शेवटचा मापाचा दिवस. थोरल्या सुनेची पाळी आली. ती म्हणाली, "आई, यंदा माझं राहू द्या ना. मागचंच माप चालेल." मी म्हटले, "मागच्या मापावर शिवायला मी काय रेडीमेडचं दुकान आहे?" आणि तिला हात वर करायला लावले. छाती सांगितली. कंबर मागच्या वर्षीपेक्षा तीन इंच जास्त भरली. माझ्या तोंडाला कुलूप नाही, कधीच नव्हते. मी ओरडले, "तीन इंच! अहो, लिहा, आणि खाली एक ओळ सोडा, पुढच्या वर्षी नाव वाढतंय!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. धाकट्याने शिट्टी मारली. मी तिच्या गालावरून हात फिरवला. ती हसली आणि तिने उरलेले माप उभी राहून दिले, खांदा, बाही, उंची, सगळे. थोरला तेवढा उठून बाहेर गेला. मला वाटले, लाजला. दुपारी दोघे निघाले, ऑफिसातून बोलावणे आले म्हणून.

पुढे बातमी काही आली नाही. मी म्हटले, नुसतीच जाड झाली असेल. हे मी बहिणीला फोनवरही सांगितले. पुढच्या वर्षी ते आले नाहीत तेव्हा मी म्हटले, तिने माझा मुलगा तोडला. हे गेले तेव्हा दोघे आले होते. तिने सगळ्यांची उष्टी भांडी घासली आणि संध्याकाळी दोघे निघून गेले. मी म्हटले, बघा, एक दिवस राहवले नाही.

गेल्या महिन्यात लेक आली होती. मी माझे पुराण लावले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, पुरे आता. वहिनीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्या दिवशी त्याला सोळा दिवस झाले होते. कोणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी. तुला एकटीला सांगायचं म्हणून ती आली होती."

मी मापवही काढली आणि त्या वर्षाचे पान उघडले. खाली सोडलेली ओळ अजून कोरीच होती.

आयुष्यभर मी बायकांच्या कंबरा मापल्या. बाळ पोटात असतानाची कंबर आणि बाळ गेल्यानंतरची कंबर टेपवर एकच आकडा दाखवते, पण हाताला वेगळी लागते. मला कळायला हवे होते. मी तिच्याकडे बघत नव्हते, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होते. माझ्या चुकीमुळे या घरातले सहा वर्षांचे शेवटचे चार चार दिवस गेले, आणि ह्यांच्या आयुष्यातले शेवटचे दोन वेळचे तेही गेले. थोरल्या सुनेची मी माफी मागते. हे मी गेल्यावर सर्वांना कळावे.

कलम ७. वरचे कलम लिहून मी चहा ठेवला, एवढ्यात वकिलांचा फोन आला.

"काकू, झालं का लिहून?"

"होत आलंय. का रे, मी गेल्यावर हे वाचतात कसं?"

"त्यात काय, तुमची मुलं, सुना, जावई, सगळ्यांना तिथे घरी बसवू आणि मी एकेक कलम मोठ्यानं वाचीन."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानंच. नंतर कोणी म्हणायला नको, आम्हाला ठाऊक नव्हतं."

फोन ठेवून मी लिहिलेले कलम परत वाचले. चहा उतू गेला. म्हणजे परत तेच! तीच खोली, तीच माणसे, ती मधोमध, आणि मी मेल्यावरसुद्धा तिचे दुःख मोठ्याने सांगणार. या वेळी तर मला गप्प करायलाही कोणी नसणार. माफी मागायची म्हणून लिहायला बसले आणि नेमकी तीच चूक दुसऱ्यांदा करायला निघाले होते. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

म्हणून असे ठरवते. मृत्युपत्राच्या दोन प्रती राहतील. वकिलांकडच्या प्रतीत कलम १ ते ४, आणि "मापवही थोरल्या सुनेला" एवढेच वाक्य. का, हे कोणालाही सांगायला मी बांधलेली नाही. ही दुसरी प्रत फक्त थोरल्या सुनेची. ती मी गेल्यावर उघडायची नाही.

कलम ८. आता वकिली भाषा पुरे. हे तुला.

मेल्यावर माफी मागणं फार सोपं असतं गं, समोरचं माणूस उलटून काही बोलू शकत नाही. मी तेच करायला निघाले होते. भित्री आहे मी, एवढा आरडाओरडा करते तरी. उद्या सकाळच्या बसनं हा कागद मी स्वतः आणून देणार आहे. दारातच देईन. आत घे, नको घेऊस, तुझी मर्जी. आणि बोल. सहा वर्षं तू मूग गिळून बसलीस, माझ्याबद्दल नवऱ्याजवळ काय बोलली असशील देव जाणे, ते सगळं माझ्या तोंडावर बोल. मी मधे एक शब्द बोलणार नाही. जमेल की नाही माहीत नाही, पण ओठ चावून उभी राहीन.

लेकीवर रागावू नकोस. तिला राहवलं नाही.

या वर्षी शेवटचे चार दिवस मी अजून कोणालाही बोलावलेलं नाही. धाकट्याचा फोन आला होता, आई, यंदा काय? मी म्हटलं, सांगते. आधी तुला विचारायचं होतं. तू ये म्हणालीस तर सगळ्यांना ये म्हणेन. तू नाही म्हणालीस, तरी वाटणीतलं एक अक्षर बदलणार नाही, आणि तू नाही म्हणालीस हेही कोणाला कळणार नाही. आलीस तर माप घेणार नाही मी कोणाचं. नुसते बसू. मला तुम्ही सगळे हवे आहात. सहा वर्षं मी हे तुमच्याबद्दल कुरकुर करून सांगत आले, सरळ कधी म्हटलं नाही. मला तुम्ही सगळे इथे, पसारा करत, हवे आहात.

आणि एक. त्या बाळाची मी आजी होते. सहा वर्षं मला ठाऊकच नव्हतं. मला त्याच्यासाठी रडायचं आहे आणि कोणासाठी रडते आहे तेही नीट माहीत नाही. मुलगा होता की मुलगी? तुम्ही काही नाव योजलं होतं का?

मला एकटीला सांग. हळू सांगितलंस तरी चालेल, मी जवळ येऊन ऐकेन.

सही: तुझी सासू

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका

साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका

(साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले. मजकूर झाकलेला होता. मुख्याध्यापिकाबाईंना त्याचा राग आला आहे.)

ठिकाण: घरी, शिवणाच्या टेबलाशी

तारीख: चौदा डिसेंबर. वर्ष संपायला सतरा दिवस आहेत.