फाटकाकडे न जाणारी वाट

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

परवा फोनवर तू हसलास. "ताई, बाबांना धड काही कळेनासं झालंय आणि तू परसात वाट कसली बांधतेस?" तेव्हा बाबा शेजारीच बसले होते, बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

दुपार कलली की बाबांना कामावर जायचं असतं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण चपला घालून निघतात ते थेट मागच्या फाटकाकडे. कडी लावलेली असली की फाटक गदागदा हलवतात, हात सोलून घेतात. म्हटलं, चालायचंय ना, चालू दे, पण वाटेनेच त्यांना परत घरी आणलं पाहिजे. झाडांना पाणी घालायचा पाइप जमिनीवर टाकून मी आखणी केली. मागच्या दारातून निघायचं, लिंबाला वळसा घालायचा, टाकीच्या कडेने पुन्हा दारात.

गवंड्याने कपाळाला हात लावला. "अहो ताई, वाट म्हटली की ती कुठंतरी जायला नको?"

"हिला नाही जायचं," म्हटलं.

चार फरश्या कमी पडल्या, तर त्याने स्वतःकडच्या काळ्या बसवून टाकल्या. दिसायला छान. बाबा मात्र तिथे येऊन थबकले ते हलेचनात. काळा चौकोन त्यांना खड्डा वाटला. मला म्हणाले, "बाई, सांभाळून, पडाल." बाई! पोटच्या पोरीला! मला काहीच वाटलं नाही. गवंड्याला सांगून काळ्या काढल्या, पांढऱ्या बसवल्या.

आता खरं लिहिते. गेल्या महिन्यात बाबा हरवले, तेव्हा तुला सांगितलं की माझा डोळा लागला होता. नव्हता लागला. कडी लावायची विसरले हे खरं, पण मी खिडकीशी भांडी विसळत होते आणि त्यांना फाटक उघडताना पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मनात आलं, जाऊ दे. मग उरलेली भांडी विसळली, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि मग शोधायला निघाले. तीन तासांनी मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावर बसलेले सापडले, एकाच पायात चप्पल. मला बघून केवढा आनंद झाला रे त्यांना!

तेव्हापासून मी कोरडी ठणठणीत आहे. रडू नाही, राग नाही, जेवण व्यवस्थित जातं. शेजारीण म्हणते, मुलगी असावी तर अशी. ऐकून घेते.

वाट चांगली झाली आहे. बाबा दहा-दहा फेऱ्या मारतात, दमले की येऊन मुकाट्याने खुर्चीत बसतात. त्यांची काळजी मिटली. माझी नाही मिटली. त्या दिवशी जे मनात आलं, ते पुन्हा येणार नाही असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

तू सगळ्यांना सांगतोस, ताई आहे म्हणून मी निर्धास्त. राहू नकोस निर्धास्त. या महिन्यात ये. बाबांना घेऊन जा, नाहीतर तू इथे राहा आणि मला जाऊ दे. तिसरं काही सुचवू नकोस. आणि उत्तर लिहिशील त्यात माझं कौतुक तेवढं करू नकोस.

तुझी,
ताई