तात्यांच्या घड्याळाची चेन

४ ऑगस्ट २००२, रविवार
आजपासून नियमित लिहायचं. बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास. (फर्स्ट थोडक्यात हुकला. पेपर कडक तपासले होते.) आमच्या घरात पदवी आली ती ही पहिलीच. नोकरी लागेपर्यंत वेळ वाया घालवायचा नाही. घरात शास्त्रीय दृष्टिकोन रुजवायचा असा निश्चय केला आहे.
सुरुवात तात्यांच्या मनगटापासून. घड्याळाखाली त्यांना सारखी खाज सुटते. आज चेन हातात घेऊन नीट पाहिली. स्टीलची आहे, पण कड्यांच्या फटीत वर्षानुवर्षांचा घाम, माती आणि आमच्या मळ्यातल्या झेंडूचा चोथा. निदान पक्कं: चेन घाण, म्हणून खाज. उपाय: सफाई आणि वंगण.
आई म्हणाली, खाज पाठीला पण हाय, पायाला पण हाय. मी समजावलं की खाज एका जागेवरून पसरत जाते.

६ ऑगस्ट
चेन धुतली. कोमट पाणी, शाम्पूचं पाऊच, जुना टूथब्रश. (ब्रश भारतचा निघाला आणि जुना नव्हता. आमचे बंधुराज दिवसभर बोलले नाहीत.) घड्याळ चेनीपासून वेगळं करताना स्प्रिंगची काडी उडाली ती आईच्या निवडलेल्या तांदळात. आईने तांदूळ परत निवडले.
पाणी काळंकुट्ट निघालं. सगळ्यांना दाखवलं. तात्या म्हणाले, एवढं मी हातावर घेऊन हिंडत व्हतो का गं?
मग शिलाई मशीनचं तेल. सुईच्या टोकाने प्रत्येक सांध्यात एक थेंब द्यायचा असतो. मी दोन दिले. एकाने फायदा होतो तर दोनाने जास्तच होणार.

९ ऑगस्ट
तेलाचा प्रयोग अंशतः यशस्वी. चेन मऊ झाली, पण तात्या फुलं तोडून आले तेव्हा तिला माती आणि फुलांची भुकटी चिकटून काळी लापशी झाली होती. नव्या सदऱ्याची बाही गेली. भारत म्हणाला, ताई, एवढं वंगण तर बैलगाडीच्या आसाला पण नसतं.
तेल जुनं असणार. दोष पद्धतीचा नाही.
खाज आहे तशीच. सुधारणेला वेळ लागतो.

१८ ऑगस्ट
चेन सैल झाली आहे. तात्यांनी हात वर केला की घड्याळ कोपराकडे पळतं. कारण लगेच लक्षात आलं: फटींतला मळ निघाला, जागा मोकळी झाली, चेन लांबली. एक कडी काढली. बारीक खिळा आणि हातोडी, पिन अलगद ठोकून बाहेर. अंगठ्यावर एकदाच लागलं.
आई म्हणाली, चेन कशाला वाढंल, हात वाळलाय त्यांचा. आईला धातूंबद्दल माहिती असणं शक्यच नाही, म्हणून वाद घातला नाही.
तात्यांनी विचारलं, लोखंड वाढतं व्हय? मी झीज, सांधे, सगळं सांगितलं. ते म्हणाले, शिकलेल्या माणसाचं बरं आसतं, त्याला कारण सापडतं. फार बरं वाटलं.
कडी कापराच्या रिकाम्या डबीत ठेवली.

१ सप्टेंबर
आज विज्ञानाचा विजय.
आमच्याकडे फुलं तोडायला आक्काबाई येते. ती ओट्यावर बसून तात्यांना म्हणाली, पुंजारामभाऊ, डोळे हळदीवानी दिसत्यात तुमचे, कावीळ हाय ही. नांदगावकडे कोणी बाबा आहे म्हणे. तो चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरते.
अशा वेळी सुशिक्षित माणसाने गप्प बसणं हा गुन्हा आहे. मी परातीत साधं पाणी घेतलं आणि तात्यांना हात धुवायला लावले. पाणी पिवळं. मग भारतला. पिवळं. मग खुद्द आक्काबाईला. पिवळं! झेंडूच्या मळ्यात राबणाऱ्या माणसाचा सगळाच रंग झेंडूचा असतो आणि त्याच हाताने डोळे चोळले की डोळ्यांतही जातो, हे मी सोप्या भाषेत सांगितलं. आक्काबाई म्हणाली, तुह्यापुढं कोण बोलंल बाई.
आई म्हणाली, बाबाकडं नको तर नको, सिव्हिलला तरी दाखवू. लघवी चहावानी व्हती म्हणे. मी म्हटलं, पाणी कमी पितात म्हणून. कावीळच नाही हे आता सगळ्यांसमोर सिद्ध झालं, मग डॉक्टरला दाखवायचं काय?
आई तात्यांकडे बघत राहिली. तात्या म्हणाले, शुभांगी म्हणती ना, मंग बास. दसऱ्याचा माल निघू दे.

१४ सप्टेंबर
अजून एक कडी काढली. चेन परत सैल झाली, हलका माल दिसतो.
नवा विचार: स्टीलमध्ये निकेल असतं आणि काहींना ते सोसत नाही. शहानिशा करायची म्हणून तात्यांना आठवडाभर घड्याळ घालू दिलं नाही. खाज कमी झाली नाही, थोडी वाढलीच. म्हणजे निकेल अंगात मुरलं आहे. दिशा बरोबर आहे.
जेवण कमी झालंय. मशीनच्या तेलाचा वास हाताला येतो, अशाने भूक कशी लागेल? खोबरेल सुरू करणार.

२२ सप्टेंबर
खोबरेलला मुंग्या लागल्या. तात्या दुपारी बाजेवर झोपले होते. चेनीच्या कडेकडेने मुंग्यांची रांग गेली होती आणि त्यांना जागही आली नाही. आई ओरडली तेव्हा मला कळलं. मुंग्या झटकताना तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.
चेन लिंबू आणि सोड्याने धुतली. स्वच्छ फडक्याने पुसली तर फडकं पिवळं. झेंडू!

२९ सप्टेंबर
भारतचं आणि माझं कडाक्याचं भांडण.
तात्या त्याच्याबरोबर पंचवटीत फुलबाजारात गेले होते. तिथे रंगनाथशेठ म्हणून व्यापारी आहेत, त्यांनी सगळ्यांसमोर चेष्टा केली की पुंजाराम, लेकीचं घड्याळ घालून आला का रे? लोक हसले. तात्याही हसले म्हणे. मग गोणपाटावर बसले ते उठेनात. भारतने धरून टेम्पोत बसवलं.
घरी येऊन भारत माझ्यावरच ओरडला. तू चेन लहान करती का तात्याला लहान करती, ते तरी सांग.
बारावीला दोनदा बसलेल्या माणसाशी निष्कर्ष कसा काढतात यावर काय बोलणार? शिवाय डॉक्टरकडे न्यायचं मी कधी नाही म्हटलेलं नाही. दसऱ्यानंतर नेऊच, असं माझंच मत आहे.
चेन घासली. पाणी आता जवळजवळ स्वच्छ निघतं.

१५ ऑक्टोबर, दसरा
विळे, खुरपी, पंप यांच्या पूजेत तात्यांनी घड्याळही ठेवायला लावलं. शुभांगीनं एवढी मेहनत घेतली हाय, म्हणाले. झेंडूच्या दोन फुलांमध्ये चेन अशी चमकत होती की नवीन वाटावी. मन भरून आलं.
आपट्याची पानं वाटायला तात्या उठले नाहीत. लोकच घरी आले. प्रत्येकजण पानं देताना त्यांच्या तोंडाकडे पाहायचा आणि मग घाईने घड्याळाकडे.
संध्याकाळी अजून एक कडी काढली. आता काढण्यासारखी कडी राहिली नाही. उरलेल्यांना पिन नाही, त्या एकसंध आहेत.

२१ ऑक्टोबर
भारत मला न विचारता तात्यांना शहरात मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मी आणि आई मागून रिक्षाने गेलो.
डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. सोनोग्राफी झाली. त्यांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? खाज कधीपासून? आई माझ्याकडे बघायला लागली, भारतही. घरात असलं सगळं मलाच विचारतात. काढलेल्या तीन कड्यांची कापराची डबी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, नक्की सांगता येणार नाही.
स्वादुपिंडाला गाठ आहे. पित्त त्यामुळे अडलं, म्हणून खाज आणि पिवळेपणा. ती यकृतापर्यंत गेली आहे. दोन महिने आधी आला असतात तर ऑपरेशनचं काहीतरी बोलता आलं असतं, असं त्या म्हणाल्या.
मी निकेलबद्दल विचारलं. त्यांनी विचारलं, तुम्ही काय शिकलात? मी म्हटलं, बी.एस्सी. त्यांनी पुढचा पेशंट बोलवला.
बाहेर बाकावर आई म्हणाली, त्या बाईला तरी काय कळतंय, लहान पोर हाय ती. माझ्याकडे बघून म्हणाली.

३ नोव्हेंबर
तात्यांना घरी आणलं. जे मागतील ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मागत काहीच नाहीत.
उद्या लक्ष्मीपूजन. भारत आणि आक्काबाई ओट्यावर माळा ओवताहेत. आतपर्यंत वास येतो.
दुपारी तात्यांनी घड्याळ मागितलं. मी घातलं. त्यांनी हात उशीवर ठेवला तर ते घरंगळत कोपरापर्यंत गेलं. मी खाली आणलं, परत गेलं. मग मीच चेनीखाली कापसाचा बोळा धरून बसले.
त्यांनी विचारलं, परत वाढली का गं चेन?
आई दारात उभी होती. ती तशीच मागे फिरली.
मी म्हटलं, हो तात्या. वाढली.
ते म्हणाले, तरीच. मला वाटलं, माझा हातच वाळला.
मी म्हटलं, नाही तात्या. चेनच.