दसऱ्याचे दोन टायर

दौंड,
कोजागरीचा दुसरा दिवस, १९७९

प्रिय हौसा,

हे पत्र आधी तू एकट्यानं वाच, मग आईला वाचून दाखव. ती मधेच रडायला लागली की तू पत्र मिटून ठेवशील आणि पुढचं तसंच राहील. तुला काय मी आज ओळखते? लिहायला बसले कारण समोरासमोर तू सापडत नाहीस. मी शिरूरला आले की तू मागच्या दारानं घोड नदीकडं निघून जातोस, आणि गाडी गेल्याचा आवाज आला की परत येतोस. मागच्या खेपेला तुझा अर्धा चहा ओट्यावर तसाच होता. कपाला हात लावला तर गरम. फार वाईट वाटलं रे. पाठच्या भावानं बहिणीला असं चुकवत फिरावं, ह्याच्यापेक्षा तोंडावर चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

जे झालं ते आपण दोघांनी आजवर तोंडातून काढलेलं नाही. तर आज मीच काढते. मोठी आहे, माझंच काम ते.

तुला तीन वर्षांमागचा तो दसरा आठवत असेल. तुझ्या दाजींना त्या अँबेसेडरचं काय कौतुक होतं! दौंड स्टेशनावर टॅक्सीला उभी असायची खरी, पण पॅसेंजरनं दार जरा जोरात लावलं तरी ह्यांचा चेहरा उतरायचा. सगळं स्टेशन तिला आनंदरावांची गाडी म्हणायचं, आणि चालवायचात तुम्ही दोघं पाळीपाळीनं. त्या दसऱ्याला ह्यांच्या मुंबईच्या मित्रानं दोन परदेशी टायर आणून दिले. रेडियल म्हणे, नवीन जात. आपल्याकडं कुणी बघितलेली नव्हती, म्हणून निम्म्या दौंडचे ड्रायव्हर आमच्या अंगणात उकिडवे बसून ते टायर चाचपत होते. दोनच होते, मग ते पुढं बसवले. पूजा गाडीची पुढूनच होते ना! हार पुढं, नारळ पुढं, लिंबं पुढच्या चाकांखाली. मागं आपले जुने नायलॉनचेच राहिले. आणि ते नवे टायर जमिनीला टेकले की जरा फुगलेले दिसायचे, पोट सुटलेल्या माणसासारखे. ह्यांना वाटलं हवा कमी आहे. पूजेच्या दिवशी असं बरं दिसतं का, म्हणत पंप मारमारून त्यांनी ते चांगले ताठ केले. मी हळदीकुंकू वाहिलं, तू लिंबं ठेवलीस. गाडी पुढं घेताना लिंबू फुटलं तेव्हा लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते ते.

मग दिवाळीच्या तोंडावर आईला चार दिवस दौंडला आणायचं म्हणून तुम्ही दोघं शिरूरला निघालात. स्टेअरिंगवर तू, शेजारी ते. आईनं तिकडं पिशवी भरून ठेवली होती. मी इकडं अनारशाचं पीठ मळत होते. गुऱ्हाळाला ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांनी पारगावच्या उताराला रस्ता पार खाऊन टाकलेला, चाकांच्या लोखंडी धावांच्या ह्या एवढ्या खोल चाकोऱ्या. तिथं गाडी आधी डावीकडं गेली, मग उजवीकडं, मग फिरून डाव्या अंगानं बाभळीवर. ते जागीच गेले. तुला नुसतं खरचटलं.

नुसतं खरचटलं, हे लोक असं काही बोलायचे की जसं काय तू चोरी करून पळालास. तू एकदाच बोललास, दवाखान्याच्या व्हरांड्यात. आक्का, गाडी ऐकत नव्हती, म्हणालास. तर माझे चुलत सासरे चारचौघांत म्हणाले, "गाडी काय बैल हाय व्हय, ऐकायला? हातात दम न्हाई म्हन की!" तू मान खाली घातलीस ती घातलीस. त्यानंतर स्टेअरिंगला हात नाही. आई सांगते, तू बाजाराला पायी जातोस, पायी येतोस, आणि एसटीत बसायची वेळ आलीच तर पार मागच्या बाकावर जाऊन डोळे मिटून घेतोस. कसं होणार रे तुझं असं? तिशीसुद्धा ओलांडली नाहीस अजून.

गाडी यवतच्या गॅरेजात दुरुस्त करून आणली, पण तिच्यावर ड्रायव्हर टिकेना. जो यायचा तो दोन खेपांत किल्ली परत द्यायचा. अपशकुनी आहे म्हणे. मला इतका संताप आला! माणूस गेलं ते गेलं, आता त्यांच्या गाडीलाही नावं ठेवायची? मग तात्याबा म्हणून एसटीतून रिटायर झालेले म्हातारे ड्रायव्हर आहेत आमच्या गल्लीत, त्यांना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग देवाकडं बघितलं, आणि शिकवलं. मोकळ्या कपाळाची बाई नऊवारी नेसून अँबेसेडर चालवते म्हणून लोकांनी काय कमी नावं ठेवली? पण पोटाला लोक घालत नाहीत, तेव्हा मी कुणाचं ऐकलं नाही.

आणि हौसा, ती गाडी माझंही ऐकायची नाही. साफ डांबरावर शहाण्यासारखी चालायची. पण चाकोरी आली आणि टायर तिच्या कडेला शिवला की तोंड आपोआप तिकडं ओढायची. मी इकडं वळवलं तर पुढचा भाग झटक्यात फिरायचा, मागचा मागं रेंगाळायचा आणि मग एकदम लाथ मारल्यासारखा यायचा. घट्ट धरावी तर जास्तच. तात्याबा म्हणायचे, नव्या हाताला असं होतंच बाई, सवय होईल. मलाही तसंच वाटलं. पारगावचा उतार आला की मी खाली उतरून चालत जायची, आणि गाडी तात्याबा पलीकडं नेऊन उभी करायचे. तेही उतरले की घाम पुसायचे.

ह्या चैत्रात न्हावऱ्याजवळ बैलाच्या नालाचा तुकडा घुसून दसऱ्याच्या त्या दोन टायरांतला एक फाटला. तसला दुसरा कुठं मिळेना, मग यवतला पुढचे दोन्ही काढले आणि मागच्यासारखेच नायलॉनचे बसवले. दुसऱ्या दिवशी शिरूरला येताना मी तात्याबांशी कांद्याच्या भावावर वाद घालत होते. वाद घालता घालता समोर नदीचा पूल दिसला. उतार मागं पडला होता आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. त्याच चाकोऱ्या, तोच रस्ता, तीच गाडी, आणि हात माझे, शिकाऊ बाईचे. पुलाच्या पलीकडं गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून मी एवढी रडले की ह्यांच्या दहाव्यालाही तेवढी रडले नसेन. तात्याबा बिचारे पाठ करून बिडी ओढत उभे राहिले.

मग पुण्याला जाऊन टायरवाल्या शेठला विचारलं. तो म्हणाला, बाई, पुढं रेडियल आणि मागं नायलॉन असं कधी घालायचं नसतं. पुढची चाकं लगेच वळतात, मागची तशी धरत नाहीत. आणि रेडियल फुगलेला दिसतो तसाच दिसायला पाहिजे, हवा जास्त मारली की तो खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, धरतच नाही. मी त्याला म्हटलं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो.

तर तू खरं बोलला होतास. गाडी ऐकत नव्हती. तुझा हात ढिला नव्हता, तुला डुलकी लागली नव्हती, तू काहीही चुकला नव्हतास. हे वाक्य पुन्हा वाच.

चैत्रात कळलेलं लिहायला मला कोजागरी उजाडली, कारण तुला मोकळं करायचं तर ते सगळं त्यांच्यावर येतं. आपल्या हातानं बसवले रे त्यांनी ते टायर. आपल्या हातानं हवा भरली. एवढ्या आनंदात होते त्या दिवशी! गेलेल्या माणसाला बोल कसा लावू, तोही माझ्याच माणसाला? फोटोसमोर उदबत्ती लावताना माझ्यानं त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मग एक दिवस मनात आलं, ते असते तर काय म्हणाले असते? तुझ्यावर त्यांचा किती जीव होता, तुला माहीत आहे. आपल्यामुळं हौसा नदीकडं जाऊन बसतो हे त्यांना एक दिवस तरी सोसलं असतं का? तेव्हा गणपतीत सगळी भावकी जमली होती तिथं मी उभी राहून सांगितलं. चुलत सासरे चहा न घेता उठून गेले. नवऱ्यावर खापर फोडणारी बाई म्हणून आता आमच्या दारावरून जाताना मान वळवतात. वळवू देत. ह्यांना मी ओळखते, ते नाहीत ओळखत.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. पहिली भाऊबीज सुतकात गेली, पण पुढच्या दोन भाऊबिजांना मी अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका करतात ते मी भाऊ असून केलं. यंदा करणार नाही. भाऊबिजेला सकाळी मी गाडी घेऊन शिरूरला येतेय. नदीकडं जाऊ नकोस, पाटावर बस. ओवाळणी म्हणून साडी नको, काही नको. ताटात सुपारीशेजारी गाडीची किल्ली असेल, तेवढी उचल, आणि मला आणि आईला दौंडला घेऊन चल. त्या दिवाळीला यायची म्हणून तिनं पिशवी भरली होती, ती अजून आमच्याकडं आलेली नाही. पारगावला मी उतरणार नाही. तुझ्या शेजारी, ते बसले होते त्या जागेवर बसेन. चारी टायर एका जातीचे आहेत, हवा मी स्वतः उभी राहून बघितली आहे. वाटेल तेवढी हळू चालव. गाडी ऐकते आता.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आक्का