झाकलेल्या चौकटीसाठी एक तासिका

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
शिक्षण विभाग कार्यालय.

विषय : मूलद्रव्यांच्या गुणधर्मांचा अंदाज बांधायला शिकवण्यासाठी आठवड्याला एक तासिका मिळणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ : आधीच्या दोन अर्जांवर आपल्या कार्यालयाकडून आलेली उत्तरे.

महोदय,

सविनय निवेदन की, मी सत्तावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवते. या वर्षापासून वर्गात पडद्यावर तयार पाठ लावले जातात. दिवे मालवून मागे बसणे एवढेच माझे काम उरले आहे. पडद्यावरच्या बाई तक्ता सांगतात, मुले उतरवून घेतात. माझ्याशी बोलायचे कोणाला कारण पडत नाही.

१. पूर्वी मी आवर्तसारणीतली एक चौकट पुठ्ठ्याने झाकत असे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम उघडे. त्याखालचे रुबिडियम झाकलेले. खाली जावे तसा अणू मोठा होतो, बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची पकड सैल होते, द्रवणांक उतरतो. त्यावरून झाकलेल्याचा द्रवणांक मुलांनी सांगायचा.

२. पहिल्या अर्जाला उत्तर आले की, झाकलेल्या चौकटीवर परीक्षेत प्रश्न नसतो. दुसऱ्याला आले की, प्रयोगशाळेत मोडके बाक ठेवल्याने जागा नाही. म्हणून मी मधल्या सुट्टीत जिन्यावर शिकवू लागले. पहिल्या आठवड्यात सात मुले आली, दुसऱ्यात तीन, मग एकटी रंगाऱ्याची मुलगी. तिने एकशे ऐंशी, अठ्ठ्याण्णव, त्रेसष्ट हे उघड्या तिघांचे द्रवणांक पायरीवर खडूने लिहिले, बराच वेळ पाहत बसली आणि म्हणाली, "बाई, चाळीसच्या आसपास असेल. उतार कमी कमी होत चाललाय." खरा आकडा एकोणचाळीस आहे. यजमान गेल्यापासून माझ्या घरात रेडिओखेरीज आवाज नसतो. त्या संध्याकाळी मी तिचे वाक्य घरी मोठ्याने म्हणून पाहिले. हे अर्जात लिहिणे नियमाला धरून नाही, याची जाणीव आहे.

३. गेल्या सोमवारी तिच्या वडिलांना दुसऱ्या गावी काम मिळाले व तिचा दाखला काढला गेला. आता जिन्यावर कोणी येत नाही. तरी मी पुठ्ठा घेऊन बसते. शिपाईमामा अंग चोरून शेजारून जातात.

तरी तासिका मंजूर व्हावी. ते शक्य नसल्यास, पाठ ऐकायला आपल्या कार्यालयातून कोणालातरी एकदा पाठवावे. वीस मिनिटे पुरतील. आपण स्वतः आलात तरी चालेल. रसायनशास्त्र येत नसले तरी अडत नाही. मधल्या सुट्टीत मी रोज जिन्यावरच असते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
रसायनशास्त्र शिक्षिका, इयत्ता दहावी
दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत : दोन्ही उत्तरांच्या प्रती.