एकेरी सुतळी

शनिवार, संध्याकाळ. पांढरकवड्याचं हॉटेल.

पोचल्याबरोबर सगळ्यांची तब्येत विचारली. मुलाची, प्रकाशची कंबर ठीक, नातीची मळमळ थांबली, सून वंदना नुसतं "बरं आहे" म्हणाली. माझाच जीव बॅगेत अडकलाय.

आम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो आणि सामान यवतमाळच्या हॉटेलातून अनोळखी गाडीवाल्याबरोबर परस्पर इकडं आलं. प्रकाशची हौस! म्हणून सकाळी मी बॅगेचं तोंड सोयाबीनच्या पोत्यासारखं दाभणानं शिवलं होतं, दुहेरी सुतळीनं. आता बघते तर सुतळी एकेरी. म्हणजे कोणीतरी उसवून पुन्हा शिवली. लुगडी तर सगळी आहेत. मग उघडली कशाला?

प्रकाशला म्हटलं, "त्या गाडीवाल्याले बोलाव. इचारतोच त्याले."

तेवढ्यात वंदनानं माझ्या लुगड्याच्या घडीतून स्वतःचा सोन्याचा गोफ काढला. "मीच उसवली, आई. देवळातल्या गर्दीत गोफ नको म्हटलं. तुमच्या बॅगीले कोण हात लावते?"

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी साऱ्याइले सांगतलं असतं."

गाडीवाला बिचारा सुटला. पण सुनेचा भरवसा माझ्या सुतळीवर, माझ्या तोंडावर नाही? मघापासून हेच टोचतंय.

आणि खरं लिहायचं तर, बहिणीला फोन करून हे सगळं कधी सांगते असं झालंय.